मामंजी जेवत नाहीत

ही गेली आणि घरात मी आणि मामंजी असे दोघेच उरलो.

मामंजी म्हणजे माझे वडील नव्हेत. ते जाऊन वीस वर्षं झाली. मामंजी म्हणजे आमच्या मागच्या खोलीतला मासा. पावणेदोन मीटर लांब, मांडीएवढा जाड, अंगावर एक खवला नाही, रंग ओल्या चिखलाचा आणि गळ्याखाली नारिंगी. इलेक्ट्रिक ईल. आपल्याकडे वाम म्हणतात तशी दिसते म्हणून विजेची वाम म्हणा. खरं तर ती वाम नव्हेच, वेगळ्याच कुळातली, असं ही सांगायची. नाव हिनेच ठेवलेलं. "अगदी तुमच्या वडिलांसारखे आहेत," म्हणाली. "कोपरा सोडत नाहीत, डोळ्यांना धड दिसत नाही, दर दहा मिनिटांनी वर येऊन उसासा टाकतात आणि अंगाला कुणी हात लावलेला खपत नाही." उसासा खराच होता. हा मासा पाण्यातल्या हवेवर जगत नाही. त्याला वर येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागतो, नाहीतर पाण्यातच गुदमरतो.

ही अठ्ठावीस वर्षं मत्स्यालयात कामाला होती. मामंजी तिथे आले तेव्हा पट्टीएवढे होते. मग मत्स्यालय बंद झालं, इमारत पाडायची ठरली, आणि एकेक करून सगळे मासे कुठे ना कुठे गेले. मामंजींना कोणी घेईना. मोठी टाकी लागते, माणसं लागतात, वर जोखीम. शेवटी साहेब म्हणाले, इंजेक्शन देऊन टाका. ही म्हणाली, मी नेते. मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

"अगं, चाळीस वर्षं मी लोकांच्या घरची वीज सांभाळली," मी म्हणालो, "आता तू आपल्या घरात आणतेस?"

"हिचं बिल येत नाही," ती म्हणाली.

मी वायरमन होतो. घर तळमजल्यावर, म्हणून एवढं पाणी ठेवता आलं. परवानगीचे कागद हिने केले, मागची खोली मी रिकामी केली. तीन मीटर लांबीची टाकी, वर कुलपाची झाकणं, आत मामंजींना शिरून पडायला एक रुंद नळी. मी पाण्यात दोन तारा सोडून त्यांना एक छोटा स्पीकर जोडला. मामंजींना दिसत नसल्यामुळे ते सारखी बारीक बारीक वीज सोडत असत, आंधळा काठी आपटत चालतो तशी. ती स्पीकरमधून टक टक अशी ऐकू यायची. शांत असले की सावकाश, भूक लागली की भराभर. आणि खाण्यावर झडप घालताना जी वीज सोडत ती वेगळीच. स्पीकर फाटतो की काय असं वाटायचं.

मत्स्यालयातला एक नियम हिने घरी आणला होता. पाण्यात हात घालणारा एक, उभा राहणारा एक. एकट्याने हात घालायचाच नाही. उभा राहणाऱ्याने मागे दोन हातांवर, कोरड्या रबरी चटईवर, कोरडी काठी घेऊन उभं राहायचं. पाण्याला शिवायचं नाही, काम करणाऱ्याला शिवायचं नाही. त्याला झटका बसला आणि तो पाण्यात कोसळला, तर काठीच्या आकड्याने मागे ओढायचं. झटक्याने माणूस सहसा मरत नाही, ही सांगायची. झटक्याने हातपाय लुळे पडतात आणि मग तो गुडघाभर पाण्यात बुडून मरतो.

माझ्या छातीत नऊ वर्षांपासून पेसमेकर आहे. त्यामुळे हात कोणी घालायचा आणि उभं कोणी राहायचं, हा प्रश्न आमच्या घरात आलाच नाही. सहा वर्षं मी उभा राहिलो. नोकरीत मी खांबावर चढायचो आणि हेल्पर खाली उभा असायचा. म्हातारपणी मी हेल्पर झालो.

सुरुवातीला मला हे प्रकरण पटत नव्हतं. वीज म्हणजे तार, खांब, फ्यूज. माशात वीज कुठे असणार? एकदा काम आटोपल्यावर हिने मला स्टुलावर बसवून समजावलं.

"हे डोकं. याच्या मागे हा एवढासा भाग, यात काळीज, पोट, आतडी सगळं कोंबलेलं. उरलेलं अंग, पाचातले चार भाग, म्हणजे विजेचं कोठार."

"आणि सेल कुठे?"

"तेच सेल. पातळ पातळ चकत्या, एकामागे एक, हजारोंनी. प्रत्येक चकती आतलं मीठ उपसून बाहेर टाकत बसलेली असते. डोक्यातून हुकूम आला की तिच्या एकाच बाजूची दारं उघडतात आणि मीठ आत घुसतं. एका चकतीची वीज व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याएवढी."

"सगळ्या सिरीजमध्ये?"

"सिरीजमध्ये. झाली ना बेरीज? पाचशे, सहाशे व्होल्ट."

मी मनात आकडे मांडून पाहिले. हिशेब बरोबर होता. मग मला एक शंका आली. "डोक्याजवळच्या चकतीला हुकूम आधी पोचणार, शेपटीकडचीला नंतर. मग सगळ्या एका क्षणी कशा पेटतील? मागेपुढे झाल्या तर बेरीज होणार नाही."

ही एवढी खूश झाली की माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "हे मला अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही! जवळच्या चकत्यांकडे जाणारी वाटच लांबची आणि सावकाश चालणारी असते. लांबच्यांना पोचेपर्यंत जवळच्या थांबतात."

"कोणी बसवलं हे वायरिंग?"

"कोणी नाही."

"मग त्यांचा त्यांनाच कसा झटका बसत नाही?"

"थोडा बसतही असेल. नक्की कोणाला ठाऊक नाही. तुमच्या वडिलांना त्यांच्या रागाचा त्रास होत नव्हता का?"

असं आमचं चालायचं. वरच्या मजल्यावर राहणारा शिंपी जिन्यावरून विचारायचा, "मामंजी जेवले का हो?" आणि त्याच्या बायकोला पहिले सहा महिने खरंच वाटत होतं की आमच्याकडे अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे.

मग हिच्या पोटात गाठ निघाली. पाच महिने. मधून मधून घरी यायची तेव्हा एक हात भिंतीला टेकवत मागच्या खोलीत जायची, मामंजींना खायला घालायची, आणि मी मागे उभा राहायचो. शेवटचे तीन आठवडे ती दवाखान्यातून घरी आली नाही. तिथेही मी उभाच होतो. खाट, खाटेपलीकडे डॉक्टर, आणि मागे मी. फक्त हातात काठी नव्हती.

ती रोज विचारायची, "मामंजी जेवले का?"

जेवत नव्हते. ती असताना त्यांना मासे, कोळंबी सगळं चालायचं. मी झाकणाच्या फटीतून लांब चिमट्याने तेच सोडायचो. ते वास घेतल्यासारखे जवळ यायचे आणि मागच्या मागे नळीत जायचे. हा मासा मागेही पोहतो, तोंड न फिरवता. आठवड्यातून एखादा तुकडा गेला तर गेला. बाकीचा पाण्यात विरघळायचा.

"जेवले," मी सांगायचो.

"सगळं?"

"ताट चाटून."

ती हसायची. तिचं हसू पाहण्यासाठी मी ते दर दिवशी सांगितलं. तिला विचारायला हवं होतं की बाई गं, तू काय करायचीस, कसं घालायचीस. पण ते विचारलं असतं तर ते जेवत नाहीत हे कळलं असतं. शेवटच्या दिवसांत तिच्याकडे काळजीला जागा राहिली नव्हती. मी विचारलं नाही.

जायच्या दोन दिवस आधी ती म्हणाली, "त्यांना चांगल्या जागी पोचवा. असंच मरू देऊ नका. आणि तुम्ही पाण्यात हात घालायचा नाही. एकट्याने नाही, दुकट्यानेही नाही."

मी हो म्हणालो. दोन्हीला.

ही गेल्यावर मी फोन करायला लागलो. प्राणिसंग्रहालय म्हणालं, आमच्याकडे गोड्या पाण्याची एवढी टाकी नाही. एका श्रीमंताच्या माणसाने आधी हो म्हटलं, मग विचारलं, पाहुण्यांसमोर बल्ब पेटवून दाखवतो का. मी फोन ठेवला. चार तासांवरच्या शहरात एक मत्स्य संस्था आहे, तिथे अर्ज केला. तिथली बाई म्हणाली कळवू. दर आठवड्याला कळवू. मत्स्यालयाचे जुने डॉक्टर होते, माशांचे डॉक्टर, आता ते मुलाकडे परदेशात असतात. त्यांनी पत्र लिहून द्यायचं कबूल केलं.

"तोवर पाणी स्वच्छ ठेवा," ते म्हणाले.

पाणी स्वच्छ राहीना. न खाल्लेलं सगळं गाळणीच्या स्पंजात जाऊन बसलं होतं. गाळणी टाकीच्या आत, तळाशी, मागच्या कोपऱ्यात. मी नळी सोडून एका दिवसाआड जुनं पाणी काढायचो आणि नवं भरायचो. एवढं मला हात न घालता करता येत होतं. पण पाण्याला वास येऊ लागला आणि महिन्याभरात मामंजींच्या पाठीवर पांढरे डाग पडले. स्पंज काढून धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे हात घालणारा हवा. मी शिंप्याला विचारून पाहिलं.

तो म्हणाला, "काका, मला सुई टोचली तरी मी बायकोला हाक मारतो. दुसरं काहीही सांगा."

शेवटी मुलीला सांगावं लागलं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, संस्था आहे त्याच शहरात राहते. मामंजींवर तिचा पहिल्यापासून राग. लहानपणी हिची सुट्टी रद्द व्हायची ती बहुतेक वेळा टाकीतल्या कोणाच्या तरी दुखण्यामुळे. तरी शनिवारी सकाळी आली. पिशवी ठेवली, मागच्या खोलीत गेली आणि नाकाला ओढणी लावली.

"बाबा, हे काय झालंय? आईने पाहिलं असतं तर तुम्हाला घराबाहेर काढलं असतं."

"म्हणून तर तुला बोलावलं."

"आईच्या आयुष्यात दोन मामंजी. एक बोलून मारायचे, हे न बोलता."

आम्ही हसलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

मी तिला सगळं दाखवलं. खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे मी हवा भरून, गुंडाळून तपासले, नोकरीत रोज सकाळी तपासायचो तसे. कुठे भोक नव्हतं. स्टूल ठेवलं. चटई कोरडी केली. मग मी बाजारातून आणलेले चार जिवंत मासे पाण्यात सोडले.

"हे कशाला?"

"तुझी आई नेहमी आधी खायला घालायची आणि मग हात घालायची. खाताना ते सगळी वीज सोडतात. एकदा सोडली की रिकामे."

मला तसं ठाऊक होतं. म्हणजे, सहा वर्षं मी पाहत होतो की आधी जेवण, मग साफसफाई. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या धंद्यात वीज साठवणाऱ्या कंडेन्सरला हात लावण्याआधी तो उतरवतात, म्हणजे रिकामा करतात. सेल उतरतो. उतरलेल्या वस्तूला हात लावायचा, हा माझा चाळीस वर्षांचा धडा. मी तोच इथे लावला.

स्पीकर कडाडला. चारही मासे काठीसारखे ताठ होऊन उलटे झाले. मामंजींनी एक गिळला, बाकीचे तसेच सोडले आणि नळीच्या तोंडाशी जाऊन पडले. स्पीकर सावकाश टक टक करू लागला.

"झालं," मी म्हणालो. "घाल हात."

मुलगी उंचीने माझ्यावर गेली आहे. ही उंच होती. हिचा हात तळापर्यंत पोचायचा तेव्हा मोज्याची कड पाण्याच्या वर राहायची. मुलीला स्टुलावर उभं राहूनही खांदा पाण्याला टेकवावा लागला. मी मागे उभा. मला तिची पाठ दिसत होती.

"सापडला," ती म्हणाली. "घट्ट बसलाय." आणि जरा पुढे वाकली. कडेवरून पाणी मोज्यात शिरलं असणार.

स्पीकर फाटल्यासारखा आवाज झाला. मुलगी ओरडली नाही. तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. ती मागच्या मागे स्टुलावरून आली आणि टाकीपासून दूर, फरशीवर कोपरावर पडली.

मी काठी धरून उभा होतो. पाण्यात पडलेल्या माणसाला आकड्याने कसं ओढायचं ते मला ठाऊक होतं. मुलगी फरशीवर होती. ओढायचं काही नव्हतं. मी काठी धरून उभाच राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. मग तिने डोळे उघडले.

"बाबा, काठी टाका ना."

मी टाकली. तिचा उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत मेला होता. मूठ वळेना. कोपर आपटल्यावर मुंगी येते ना, तसं, म्हणाली, पण अंगभर आणि हातोड्याने. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. काळजाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. कोपराला तडा गेला होता. अर्ध्या तासाने बोटं हलू लागली. डॉक्टरने विचारलं, कशाचा करंट लागला? ती म्हणाली, "आईच्या सासरचा," आणि मग खरं सांगितलं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

संध्याकाळी माशांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"रिकामे?" ते म्हणाले. "कोणी सांगितलं तुम्हाला? ते तासभर झटके देऊ शकतात. मेल्यावरही काही वेळ हात लावायचा नसतो."

"पण ही आधी खायला घालायची."

"खाल्लं की ते नळीत जाऊन पडतात म्हणून. आत गेले की त्या नळीच्या तोंडाला भोकाची फळी लावायच्या, मग मागच्या कोपऱ्यात काम करायच्या. अंतर राहिलं की झटका सौम्य होतो. फळी नव्हती का तिथे?"

फळी होती. टाकीशेजारच्या मांडणीवर. पांढरी, भोकांची. मला वाटायचं हिने त्यावर मासे ठेवून पाणी निथळवायला आणली असेल.

"तुम्ही तर दर वेळी हजर असायचात," डॉक्टर म्हणाले. रागाने नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी हिच्या मागे उभा असायचो. ती पुढे वाकलेली. टाकी तिच्या पलीकडे. आणि खरं सांगायचं तर, टाकीकडे बघायचं सोडून मी तिच्याकडेच बघत असायचो. तिला काही होऊ नये एवढंच माझं काम होतं.

मुलगी चार दिवस राहिली. हात गळ्यात बांधलेला. पाचव्या दिवशी ती परत गेली आणि थेट मत्स्य संस्थेच्या दारात जाऊन बसली. बांधलेला हात, दवाखान्याचा कागद, डॉक्टरांचं पत्र. घरात ठेवणं धोक्याचं आहे हे त्यांना आता डोळ्यांना दिसत होतं. जे माझ्या पंचवीस फोनने झालं नाही ते तिच्या कोपराने झालं. दहा दिवसांनी गाडी आली.

चार माणसं, मोठी रबरी पेटी, जाड जाळं. त्यांचा मुकादम म्हणाला, "पेसमेकर तुम्हालाच ना? मग काका, तुम्ही बाहेरच थांबा."

मी पुढच्या खोलीत थांबलो. दाराआडून आवाज येत होते. डावीकडून घे. हळू. बांध बांध. अकरा मिनिटांत संपलं. पेटी बाहेर नेताना मी उठलो, तर एकजण म्हणाला, भिंतीकडे सरका. मी सरकलो. पेटीला वर हवेसाठी झडप होती. आतलं काही दिसलं नाही.

मला हलकं वाटायला हवं होतं. चांगल्या जागी पोचवा म्हणाली होती, पोचवले. तिथे स्वच्छ पाणी होतं, औषध होतं, शिकलेली माणसं होती. मी पाण्यात हात घातला नव्हता. दोन्ही शब्द पाळले होते, कागदावर तरी.

मी रोज सकाळी दहाला फोन करायचो. मामंजींची देखभाल एका मुलीकडे होती. आवाजावरून माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या आठवड्यात म्हणाली, पाठीचे डाग सुकताहेत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, डाग गेले, पण खात नाहीत. जिवंत मासे, मेलेले, कोळंबी, गांडुळं, चिमट्याने, काठीने, दिवा लावून, दिवा काढून. तिसऱ्या आठवड्यात तिच्या आवाजात फरक पडला.

"काका, आमच्या डॉक्टरांनी आज वजन केलं. फार उतरलंय. इतके दिवस उपाशी राहतात हे मासे, पण तुमच्याकडेही दोन-तीन महिने खाल्लेलं नव्हतं ना. रविवारपर्यंत खाल्लं नाही तर मग काही करता येणार नाही. नळीने भरवायला गेलो तर तो ताणच त्यांना मारेल."

त्या दिवशी शुक्रवार होता.

"मी येतो तिथे," मी म्हणालो.

"तुम्हाला टाकीच्या खोलीत सोडता येत नाही, काका. पेसमेकर."

"मग मी काय करू?"

"काकू कशा घालायच्या ते सांगा. काहीतरी असेल त्यांचं. ही जनावरं एका माणसाच्या सवयीची होतात. पाण्यावर टिचकी मारायच्या का? आधी हात हलवायच्या? कुठल्या कोपऱ्यात टाकायच्या?"

मी मागच्या खोलीच्या दाराकडे वळून बसलो.

"सहा वर्षं तुम्ही सोबत होतात ना?"

"होतो."

"त्या आजारी असताना तुम्ही विचारलं नाहीत कधी?"

आता या पोरीला काय सांगायचं? मी म्हणालो, "राहून गेलं."

तिच्या मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बरं, निदान काय दिसायचं ते सांगा. जे आठवेल ते. मी लिहून घेते."

मी डोळे मिटले. मला मागची खोली दिसली आणि ही दिसली, पाठमोरी.

"उजवी बाही दोनदा दुमडायची," मी म्हणालो. "डावी नाही."

"उजवा हात. बरं. मग?"

"मोजे घालायची नाही खायला घालताना. साफ करताना घालायची. आणि केसांत पेन्सिल खोचलेली असायची. ते नको लिहूस."

"असू दे. लिहिलं. मग?"

"डाव्या पायावर भार द्यायची. उजवी टाच वर उचललेली असायची, चपलेतून बाहेर. मान डावीकडे. डावा खांदा खाली."

"म्हणजे डावीकडे काहीतरी करत असतील. पाण्याला हात लावायच्या का?"

"तिचा हात तिच्या पुढे असायचा गं. मला दिसायचा नाही."

"किती वेळ वाकायच्या?"

"बराच. मी म्हणायचो, झालं का गं, माझे पाय दुखायला लागले. ती म्हणायची, गप्प बसा, ते ऐकताहेत."

"काय ऐकताहेत? त्या बोलायच्या का त्यांच्याशी?"

बोलायची असेल. कधी कधी तिची पाठ हलायची, हळू बोलताना किंवा गुणगुणताना हलते तशी. स्पीकर चालू असायचा, आणि माझा एक कान खांबावरच्या एका स्फोटात गेलेला आहे. मी ते तिला सांगितलं.

"म्हणजे ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं. पाठ हलायची. लिहिलं. अजून काही?"

"अजून आहे," मी म्हणालो. "तू लिही. पाठ आधी सरळ असायची, मग हळूहळू खाली जायची. आणि शेवटी मानेच्या खाली, इथे, घाम यायचा. तो आला की समजायचं..."

"काय समजायचं, काका?"

"की ते जेवताहेत," मी म्हणालो, आणि ती मुलगी तिकडे लिहीत राहिली.